वर्डमधले नकोसे इशारे

वर्डमध्ये काम करताना मध्येच उगवणारा इशारा नेमक्या कोणत्या टप्प्यावर येतो हे कळले, की दुरुस्तीचे निम्मे काम झालेले असते. फाइल उघडताना येणारे इशारे बहुधा ती कुठून आली आणि कोणाच्या ताब्यात आहे याबद्दल असतात. टाइप करताना येणारे भाषेबद्दल, सेव्ह करताना येणारे फाइलच्या प्रकाराबद्दल, प्रिंट देताना येणारे कागद आणि प्रिंटरबद्दल असतात. वर्ड बंद करताना येणाऱ्यांचा संबंध तर उघड्या फाइलशी कमी आणि वर्डच्या स्वतःच्या सामानसुमानाशी जास्त असतो. डीटीपी सेंटरमध्ये किंवा एखाद्या कार्यालयात संगणकांची देखभाल करणाऱ्याकडे तक्रार येते ती मात्र "काहीतरी येतंय, जातच नाही" एवढीच. काय लिहिलेले येते असे विचारले, तर "वाचलं नाही, ओके करून टाकलं" हे उत्तर ठरलेले. त्यात वापरणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तीच चौकट दिवसभर डोळ्यांपुढे नाचत असेल, तर माणूस ती वाचायचे सोडून बटण कुठे आहे तेवढेच बघतो.

म्हणून इशारा शब्दशः हाती लागणे ही पहिली गरज. मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग. चौकटीच्या वरच्या पट्टीत कोणाचे नाव आहे तेही पाहावे, कारण वर्डमध्ये दिसणारा प्रत्येक इशारा वर्डचाच असतो असे नाही. काही विंडोजचे असतात, काही प्रिंटरच्या ड्रायव्हरचे, काही वर्डमध्ये बसवलेल्या पाहुण्या ॲड-इनचे. हाच इशारा कोऱ्या नव्या फाइलमध्येही येतो का, हा दुसरा प्रश्न. येत नसेल तर दोष त्या फाइलपुरता. येत असेल तर कंट्रोलचे बटण दाबून धरून वर्ड सुरू करावे. तसे केले की सेफ मोडमध्ये सुरू करायचे का, असे वर्ड विचारते. या मोडमध्ये ॲड-इन चालू होत नाहीत. तेथे इशारा गायब झाला, तर संशयित सापडला असे समजायला हरकत नाही. मग फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स या वाटेने जाऊन एकेक टिक काढत जायचे.

उघडताना सर्वाधिक दिसतो तो पिवळ्या पट्टीचा प्रोटेक्टेड व्ह्यू. ही सोय ऑफिस २०१० पासून आली. इंटरनेटवरून किंवा ईमेलमधून आलेली फाइल वर्ड आधी फक्त वाचण्यापुरती उघडते आणि 'एनेबल एडिटिंग' दाबल्याशिवाय तिच्यात अक्षर बदलू देत नाही. फाइल बाहेरून आली हे वर्डला कळते, कारण ब्राउझरने ती उतरवून घेताना विंडोजने तिला एक अदृश्य चिठ्ठी लावलेली असते. ही चिठ्ठी हार्ड डिस्कच्या एनटीएफएस रचनेत फाइलच्या बाजूला वेगळ्या प्रवाहात राहते. मजकुरात ती दिसत नाही आणि आकारातही मोजली जात नाही. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात आणि त्या पद्धतींत अशी चिठ्ठी टिकत नाही. त्यामुळे एकच फाइल व्हॉट्सॲप वेबवरून आली तर पिवळी पट्टी दाखवते आणि पेन ड्राइव्हमधून फिरून आली तर मुकाट उघडते. "पेन ड्राइव्हवर टाकून परत घेतली की इशारा जातो" हा कार्यालयांतला तोडगा जादूटोण्यासारखा वाटतो खरा, पण त्याच्यामागे हे साधे कारण आहे. अर्थात अशाने चिठ्ठी जाते, फाइलमध्ये काही घातक असेल तर ते जात नाही.

नीट मार्ग असा : फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायच्या आणि खाली 'अनब्लॉक' असा चौकोन दिसला तर टिक करून ओके करायचे. हे एका फाइलपुरते झाले. एखाद्या कार्यालयात रोज एकाच ठिकाणाहून, म्हणजे मुख्यालयाच्या सर्व्हरवरून वगैरे, शेकड्यांनी फाइली येत असतील, तर ट्रस्ट सेंटरमध्ये तो फोल्डर विश्वासाचा म्हणून नोंदवता येतो. डाउनलोड्सचा फोल्डर मात्र या यादीत कधीही घालू नये. जगभरची घाण तिथेच येऊन पडते. ट्रस्ट सेंटरमध्ये प्रोटेक्टेड व्ह्यूच्या तिन्ही टिक काढून टाकणे हा उपाय इंटरनेटवर सर्रास सांगितला जातो आणि घाईत असलेला दुरुस्तीवाला तो करूनही मोकळा होतो. आजारापेक्षा औषध भारी, अशातला हा प्रकार आहे.

मॅक्रोबद्दलचा इशारा याहून जुना आहे आणि त्यामागे इतिहास आहे. १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' हा वर्डच्या फाइलमधून पसरणारा विषाणू आला. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' आला. तो फाइल उघडताच आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवत असे आणि त्याच्या पुरापुढे मोठमोठ्या कंपन्यांना आपले मेल सर्व्हर बंद ठेवावे लागले. कन्सेप्टनंतर, मेलिसाच्याही आधी, वर्ड मॅक्रो दिसला की विचारू लागले होते. ऑफिस २००७ मध्ये डॉक्स हा नवा प्रकार आला तेव्हा मॅक्रोवाल्या फाइलींना डॉकएम असे वेगळे शेपूट मिळाले, म्हणजे नावावरूनच ओळख पटावी. तरीही लोक 'एनेबल कंटेंट' दाबत राहिले. अखेर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. आता पिवळीऐवजी लाल पट्टी येते आणि तिच्यावर परवानगीचे बटणच नसते. या पट्टीबद्दल तक्रार आली तर दुरुस्तीवाल्याने आधी एकच गोष्ट विचारावी : या फाइलमध्ये मॅक्रो असायला हवा आहे का? पगारपत्रक काढणाऱ्या किंवा रकमा अक्षरी लिहिणाऱ्या फाइलमध्ये तो असतो. निविदेच्या सूचनेत किंवा 'थकबाकी बिल' नावाच्या अनोळखी जोडपत्रात असायचे काहीच कारण नाही. तिथे इशारा घालवायचा नसतो, फाइल घालवायची असते.

उघडतानाचा आणखी एक नित्याचा इशारा : फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे, ती बदलता येणार नाही. हा इशारा अनेकदा खरा असतो आणि तेव्हा तो सोन्याचा असतो. दोघांनी एकाच वेळी एकाच मसुद्यात दुरुस्त्या करून एकमेकांच्या पुसाव्यात, यापेक्षा थोडे थांबणे परवडते. पण पुष्कळदा तो खोटाही असतो. खोलीत एकच माणूस, संगणक एकच, आणि वर्ड सांगते की फाइल 'ॲडमिन'ने उघडून ठेवली आहे. ॲडमिन म्हणजे तोच माणूस. वर्ड बसवताना कोणी नाव बदललेले नसते, त्यामुळे कार्यालयातले सगळेच संगणक 'ॲडमिन' नाहीतर 'यूजर' या नावाने नांदत असतात आणि फाइल खरोखर कोणाकडे अडकली आहे हे कोणालाच कळत नाही. ऑप्शन्समध्ये जाऊन प्रत्येक संगणकावर वापरणाऱ्याचे किंवा टेबलाचे नाव घालून ठेवले, तर पुढची निम्मी भांडणे मिटतात.

खोट्या इशाऱ्याचे मूळ एका लपलेल्या फाइलमध्ये असते. वर्ड कोणतीही फाइल उघडताना त्याच फोल्डरमध्ये एक चिमुकली फाइल तयार करते आणि तिच्यात उघडणाऱ्याचे नाव लिहून ठेवते. तिचे नाव मूळ फाइलसारखेच, फक्त बहुधा सुरुवातीची दोन चिन्हे जाऊन तिथे लाटेसारखी आडवी रेघ आणि डॉलरचे चिन्ह येते. देवनागरीत वेलांटी वेगळे चिन्ह धरली जाते. म्हणून 'निविदा-सूचना' या फाइलच्या सोबतीणीचे नाव त्या दोन चिन्हांपुढे 'विदा-सूचना' असे उरते, 'नि' पूर्ण गेलेला असतो. फाइल नीट बंद केली की ही सोबतीण आपोआप पुसली जाते. वीज गेली, वर्ड मध्येच बंद पडले किंवा नेटवर्क तुटले, तर ती तशीच मागे राहते आणि पुढच्या वेळी वर्ड तिच्यावर विश्वास ठेवते. टास्क मॅनेजरमध्ये वर्डची एखादी प्रत मागे चालू राहिली असेल तर ती आधी बंद करायची, फोल्डरमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करायची आणि ही अनाथ फाइल उडवायची. कधी कधी विंडोज एक्सप्लोररच्या उजव्या बाजूचा प्रिव्ह्यूचा रकानाच फाइल धरून बसलेला असतो. तो बंद केला की काम होते. लिबरऑफिसचीही रीत हीच. त्याच्या कुलपाच्या फाइलचे नाव टिंबाने सुरू होते आणि त्यात 'लॉक' हा शब्द असतो.

मेल मर्जच्या फाइलींचा इशारा वेगळ्या जातीचा. गृहनिर्माण संस्थेच्या देयकांचे उदाहरण घ्यावे. सभासदांची नावे, सदनिका क्रमांक आणि थकबाकी एक्सेलमध्ये, पत्राचा मसुदा वर्डमध्ये. दर तिमाहीला मसुदा उघडला की वर्ड सांगते, की ही फाइल उघडताना एसक्यूएलची अमुक आज्ञा चालवली जाईल आणि डेटाबेसमधली माहिती या फाइलमध्ये येईल, चालेल का? सचिवांना एसक्यूएल म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही. शब्द भीतिदायक दिसतो, म्हणून ते सावधपणे 'नाही' म्हणतात. 'नाही' म्हटले की एक्सेलशी असलेला दुवा तुटतो आणि पत्र उघडते ते सभासदांच्या नावांविना. मग "कॉम्प्युटरमधली यादी उडाली" असा फोन येतो. यादी एक्सेलमध्ये सुखरूप असते. वर्ड फक्त तिच्याकडे जायचे थांबलेले असते. फाइल सेव्ह न करता बंद करून पुन्हा उघडायची आणि या वेळी 'हो' म्हणायचे, इतकेच.

हा प्रश्न कायमचा बंद करण्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत, वर्डच्या ऑप्शन्सच्या जागी, 'एसक्यूएल सिक्युरिटी चेक' या नावाची, मधे जागा न सोडता लिहायची, एक नोंद करून तिची किंमत शून्य ठेवतात. मायक्रोसॉफ्टने स्वतःच हा उपाय लिहून ठेवला आहे. मात्र तो त्या वापरकर्त्याच्या सगळ्याच फाइलींना लागू होतो. म्हणजे बाहेरून आलेली एखादी फाइल दुसऱ्याच कुठल्या डेटाशी जोडलेली असली, तरी वर्ड आता विचारणार नाही. जिथे मेल मर्ज रोजचे काम आहे तिथे हे पत्करावे. वर्षातून चारदा पत्रे काढणाऱ्या संस्थेला मात्र 'हो' म्हणायचे असते एवढे एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवलेले पुरते. मसुदा पुन्हा मर्जसाठी लागणारच नसेल, तर मेलिंग्ज टॅबमध्ये त्याला साधी वर्डची फाइल करून टाकता येते. दुवा आणि प्रश्न दोन्ही संपतात.

टाइप करतानाच्या इशाऱ्यांत मराठीचा स्वतःचा एक मोठा भाग आहे आणि इंग्रजीत लिहिलेल्या मदतीच्या पानांवर त्याचा मागमूस सापडत नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा फॉन्ट आणि प्रणालींमधून लिहिला गेला आणि आजही पुष्कळ छापखान्यांत नि कार्यालयांत लिहिला जातो. या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलमध्ये साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्टने फक्त त्या अक्षरांना देवनागरीचा पेहराव चढवलेला असतो. वर्डला तो पेहराव दिसत नाही. त्याला दिसते ती अर्थहीन इंग्रजी. म्हणून ते प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढते, आणि पानामागून पाने अशी गेली की हात टेकते : या फाइलमध्ये स्पेलिंगच्या आणि व्याकरणाच्या इतक्या चुका आहेत की त्या दाखवत राहणे शक्य नाही. शुद्धलेखनाबद्दल जागरूक असलेल्या एखाद्या मुद्रितशोधकाने हा संदेश पहिल्यांदा वाचला तर त्याला धक्का बसतो. पण तो संदेश मराठीबद्दल नाही.

लाल रेघा डोळ्यांना त्रास देतात, नुकसान करत नाहीत. नुकसान करते ती वर्डची आपणहून दुरुस्ती करायची सवय. कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे पूर्ण 'क' आणि मोठा डी म्हणजे अर्धा 'क'. लहान ई म्हणजे 'म' आणि मोठा ई म्हणजे अर्धा 'म'. 'स', 'ल', 'प', 'व', 'त', 'न' यांचेही तसेच. जुन्या रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर शिफ्ट दाबली की अर्धे अक्षर उमटायचे, तीच मांडणी इथे उतरली आहे. आता परिच्छेदाच्या सुरुवातीला 'कार्यालय' टाइप केले. वर्डने पाहिले की वाक्य लहान डीने सुरू झाले, आणि इंग्रजीच्या नियमाप्रमाणे त्याने गुपचूप मोठा डी केला. 'क'चा अर्धा 'क' झाला आणि त्याच्यापुढे काना एकटाच उभा राहिला. टंकलेखक मागे जाऊन दुरुस्त करतो, पुढच्या परिच्छेदाला पुन्हा तेच. तक्त्याच्या प्रत्येक चौकोनाच्या पहिल्या अक्षरालाही हाच न्याय, कारण त्यासाठी वेगळी टिक आहे. सुरुवातीला दोन मोठी अक्षरे आली तर दुसरे लहान करण्याचा आणखी एक नियम आहे. जोडाक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांची त्यात वाताहत होते. आणि याची वर्ड साधी सूचनाही देत नाही.

इलाज दोन ठिकाणी करावा लागतो. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने जाऊन मोठ्या अक्षरांच्या सगळ्या टिक काढायच्या. त्याच चौकटीच्या दुसऱ्या पानावर सरळ अवतरणचिन्हे वळणदार करणारी टिक असते, तीही काढायची. फॉन्टमध्ये ती चिन्हे म्हणजे भलतीच अक्षरे असतात. मग सगळा मजकूर निवडून रिव्ह्यू टॅबमधल्या लँग्वेजच्या चौकटीत 'स्पेलिंग किंवा व्याकरण तपासू नये' यावर टिक आणि 'भाषा आपोआप ओळखावी' यावरची टिक रद्द. हे निवडलेल्या मजकुराला लागते, पुढे पेस्ट होणाऱ्याला लागेलच असे नाही. म्हणून पक्के करायचे असेल तर ज्या स्टाइलमध्ये मजकूर लिहिला जातो त्या स्टाइलमध्येच ही भाषा बसवावी. जी स्टाइल मराठी फॉन्टची तीच 'तपासू नये'ची, अशी सांगड एकदा घातली की पुढच्या फाइलींना हात लावावा लागत नाही. टिक काढताना इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्याला विचारून घ्यावे. त्याच संगणकावर दुपारनंतर इंग्रजी टाइप करणारी व्यक्ती वेगळी असते आणि तिला त्या सोयी हव्या असतात.

मजकूर युनिकोडमध्ये असला की वरचा सगळा गोंधळ संपतो आणि एक नवा, सौम्य इशारा सुरू होतो. फाइलमध्ये अमुक भाषेतला मजकूर आहे पण त्याची तपासणी होत नाही, प्रूफिंगची साधने मिळवता येतील, अशी पिवळी पट्टी येते. गंमत म्हणजे मराठीच्या फाइलवर ती पुष्कळदा हिंदीचे नाव घेते. वर्ड भाषा ठरवते ती अक्षरांवरून कमी आणि कीबोर्डवरून जास्त. विंडोजमध्ये हिंदीचा कीबोर्ड लावून मराठी टाइप करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा प्रत्येक शब्द वर्डच्या लेखी हिंदी असतो. 'पुन्हा दाखवू नका' दाबून पट्टी घालवता येते. पण त्याऐवजी विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठीचा कीबोर्ड घालून जुना मजकूर निवडून मराठी म्हणून नोंदवला आणि प्रूफिंगची साधने बसवली, तर पट्टी जातेच आणि मराठीची तपासणीही चालू होते. ती तपासणी सामासिक आणि प्रत्यय लागलेल्या शब्दांपाशी अडखळते, तरी टायपिंगच्या ठोकळ चुका दाखवण्याइतकी उपयोगी आहे.

जिथे वर्डने ओरडून सांगायला हवे तिथे ते नेमके गप्प बसते, हे फॉन्टच्या बाबतीत दिसते. फाइलमध्ये वापरलेला फॉन्ट संगणकावर नसेल तर वर्ड कोणताही इशारा न देता दुसरा बसवते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टची फाइल असेल तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो आणि घोटाळा निदान लगेच लक्षात येतो. युनिकोड फॉन्ट असेल तर मजकूर वाचता येतो, फक्त रुंदी बदललेली असते, आणि सोळा पानांचा अंक सतरा पानांवर जातो. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट मूळ संचातून निघून देवनागरीच्या पुरवणी फॉन्टांत गेला आणि निर्मला यूआय पुढे आला. जुन्या संगणकावर मंगलमध्ये लावलेली पाने नव्या संगणकावर सरकण्याचे हे एक कारण. ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन'चे बटण आहे. कशाच्या जागी काय बसवले ते तिथेच कळते. फाइल छापखान्यात धाडण्यापूर्वी ते एकदा पाहावे.

सेव्ह करताना येणारे इशारे थोडक्यात आटोपतात. जुन्या डॉक प्रकारात सेव्ह करताना वर्ड काही सोयी टिकणार नाहीत असे सांगते. तपासणीच्या त्याच चौकटीत, सेव्ह करताना तपासावे की नाही याची टिक असते, ती काढली की पुन्हा येत नाही. लिबरऑफिस डॉक्समध्ये सेव्ह करताना दर वेळी विचारते, की हाच प्रकार ठेवायचा की ओडीएफ वापरायचा. चौकटीतली टिक काढली की तेही थांबते. बाहेर नेहमी डॉक्सच द्यावी लागत असेल तर लोड ॲंड सेव्हच्या सेटिंगमध्ये तोच मूळ प्रकार करून ठेवणे शहाणपणाचे. फाइल उघडून नुसती वाचली आणि बंद करताना "बदल सेव्ह करायचे का" असे विचारले, तर बहुधा फाइलमध्ये आपोआप बदलणाऱ्या तारखेचे फील्ड असते, किंवा प्रिंट देताना अनुक्रमणिका ताजी झालेली असते. पत्राची तारीख कायम राहायला हवी असेल तर हे फील्ड असणेच चूक आहे. वर्षाने पत्र उघडले की त्याच्यावर आजची तारीख दिसते. इथे इशाऱ्याने एक खरी चूक पकडून दिलेली असते.

प्रिंट देताना समास छापता येण्याच्या हद्दीबाहेर आहेत, असा इशारा येतो. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत आणि प्रत्येकाची सोडायची पट्टी वेगळी असते. वर्ड ही हद्द निवडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून घेते. म्हणून तीच फाइल एका टेबलावर मुकाट छापली जाते आणि शेजारच्या टेबलावर कुरकुर करते. हेडर-फुटर कडेच्या फार जवळ असले तरी हाच इशारा येतो आणि लोक वरचे-खालचे समास वाढवत बसतात. विंडोज १० मध्ये शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य होण्याची सोय आली. सकाळी कोणी लेबलच्या प्रिंटरवर छापले की दिवसभर वर्ड त्याची चिंचोळी हद्द प्रमाण मानते. विंडोजच्या सेटिंगमधली ती टिक काढून रोजचा प्रिंटर कायमचा मुख्य केला, की असे पुष्कळ इशारे एकाच झटक्यात नाहीसे होतात.

समास दुरुस्त करण्याला एक अपवाद आहे. आधीच छापलेल्या नमुन्यावर, म्हणजे प्रमाणपत्र, पावती किंवा बँकेच्या अर्जावर, मजकूर नेमक्या जागी पडावा म्हणून समास मुद्दामच शून्याजवळ ठेवलेले असतात. तिथे 'दुरुस्त करा' दाबले की सगळा मजकूर सरकतो आणि छापील नमुना वाया जातो. अशा फाइलींत 'हो, छापा' हेच उत्तर. कागदाच्या आकाराचा घोळ वेगळा : परदेशी नमुन्यांवरून घेतलेल्या फाइली साडेआठ बाय अकरा इंची लेटर आकाराच्या असतात, ट्रेमध्ये ए-४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, आणि प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबतो. वकिलांच्या आणि दस्तलेखकांच्या फाइली पुष्कळदा चौदा इंची लीगलमध्ये असतात. पेज सेटअपमध्ये आकार पाहिल्याशिवाय प्रिंटर उघडून बघण्यात वेळ घालवू नये.

सगळे इशारे एकदम बंद करण्याचा मॅक्रोही लिहिता येतो, आणि कोणी ना कोणी लिहितोच. त्यात एक मेख आहे. एक्सेलमध्ये अशी आज्ञा मॅक्रो संपला की आपोआप रद्द होते. वर्डमध्ये होत नाही. मॅक्रोने इशारे पुन्हा चालू केले नाहीत, तर वर्ड बंद करेपर्यंत ते मुके राहतात आणि जागा संपल्याचा किंवा सेव्ह न झाल्याचा इशाराही त्यात गडप होण्याची भीती असते. अनेक फाइली एका दमात छापायच्या तेव्हा असा मॅक्रो जरूर वापरावा, पण शेवटची ओळ इशारे पुन्हा सुरू करणारीच हवी, आणि मॅक्रो चूक येऊन मध्येच थांबला तरी ती ओळ चालेल अशी व्यवस्था हवी.

वर्ड बंद करताना क्लिपबोर्डवर पुष्कळ मजकूर आहे, तो ठेवायचा का, असा प्रश्न येतो. बंद करण्यापूर्वी एखादे अक्षर कॉपी करून घेतले की तो येत नाही. जुने ऑपरेटर हे सवयीने करतात. नॉर्मल टेम्प्लेटमध्ये बदल झाले आहेत, ते सेव्ह करायचे का, हा प्रश्न मात्र पिच्छा पुरवणारा असतो. नॉर्मल म्हणजे प्रत्येक कोऱ्या फाइलचा साचा. २००७ पूर्वी तो डॉट प्रकारात होता, तेव्हापासून डॉटएम. वापरणाऱ्याने काहीही न बदलता रोज हा प्रश्न येत असेल तर बहुधा एखादे ॲड-इन, पुष्कळदा पीडीएफ बनवणारे, गपचूप साच्याला हात लावत असते. सेफ मोडमध्ये ते पकडता येते. ॲडव्हान्स्डमध्ये 'नॉर्मल सेव्ह करण्यापूर्वी विचारा' ही टिक काढली तर प्रश्न थांबतो, पण मग बदल न विचारता साच्यात जातात. मॅक्रो-विषाणूंनाही घर करायला हाच साचा आवडायचा. म्हणून ॲड-इन पकडल्यावरच ती टिक काढावी.

साचाच बिघडलेला असेल तर वर्ड पूर्ण बंद करून, वापरकर्त्याच्या ॲपडेटामधल्या टेम्प्लेट्सच्या फोल्डरात जाऊन त्या फाइलचे नाव बदलायचे. वर्ड पुन्हा सुरू केले की नवा कोरा साचा तयार होतो. जुनी फाइल पुसू नये. तिच्यात वापरणाऱ्याच्या स्टाइल्स, शॉर्टकट, मॅक्रो आणि फॉरमॅटसह ठेवलेले ऑटोटेक्स्ट असते. ऑटोकरेक्टमधल्या साध्या शब्दांच्या जोड्या वेगळ्या फाइलमध्ये राहतात, त्या सुरक्षित असतात. स्टाइल्स आणि मॅक्रो ऑर्गनायझरच्या चौकटीतून एकेक करून नव्या साच्यात उचलता येतात, आणि उचलताना प्रत्येकानंतर वर्ड एकदा बंद करून पाहिले, तर बिघाड कशाबरोबर परत येतो तेही कळते.